चुकीच्या नावाची हाक

भारताची फुटबॉल टीम हरली की तुम्हाला वाईट वाटतं ना? मग मला एवढंच सांगा, त्या टीममधल्या किती जणांना तुम्ही नावानं हाक मारू शकाल? मोबाइल खाली ठेवून, आत्ता, बसल्या जागी.

हा प्रश्न माझा नाही, माझ्या मामाचा आहे. त्यानं तो आधी मला विचारला होता आणि मी चिडले होते. आता विचारायला तो नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. उत्तराची घाई करू नका. मला आधी त्याच्याशी बोलायचं आहे.

मामा, तू गेल्यापासून घरात सगळे तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलतात. आई तर तुझं नाव घेताना पुटपुटते. भेटायला येणारे खुर्चीच्या कडेवर बसून म्हणतात, “दिलीप म्हणजे अगदी साधा माणूस. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात कारकुनी केली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.” परवा मला राहवलं नाही. मी म्हणाले, “अध्यात ना मध्यात? अख्ख्या गल्लीशी भांडायचा तो!” पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर गेले. पण खोटं कसं ऐकून घ्यायचं? तुझ्याबद्दल काहीही हळू नव्हतं. तू होतास तोपर्यंत तुझ्या खोलीत कुणी हळू बोललेलं मला आठवत नाही. तिथं ते शक्यच नव्हतं.

धामणकर नाक्यामागच्या गल्लीतली तुझी ती पहिल्या मजल्यावरची खोली. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. लूम चालू असले की पेल्यातलं पाणी थरथरायचं, आणि टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी शब्द कळायचा नाही. वीज गेली की लूम थांबायचे, पण तेव्हा टीव्हीही गेलेला असायचा. शुक्रवारी लूम बंद, पण भारताची मॅच शुक्रवारी पडेल तर शपथ. म्हणून आपण मॅच मुकीच बघायचो आणि कॉमेंट्री तू करायचास. लूमच्या वरची पट्टी लावून, मराठी-हिंदीची खिचडी करून. “बॉल आता मधे आलेला आहे, मधला गडी विचारात पडलेला आहे. अरे विचार घरी जाऊन कर, पास दे, पास दे! गया! काम से गया!” खालच्या कारखान्यातले शकीलभाई, लूम दुरुस्त करणारे जॉबर, शिफ्ट संपली की तेलकट हात पुसत वर यायचे आणि दारातूनच विचारायचे, “कितना खाया अपने लोगों ने?”

मी एकदा तुला हेडफोन आणून दिले होते. तू ते उलटसुलट करून बघितलेस आणि परत दिलेस. “एकट्यानं ऐकायचं असेल तर मॅच कशाला बघायची? रेडिओ काय वाईट आहे?”

खेळाडूंची नावं पडद्यावर इंग्रजीत यायची आणि वाचून होईपर्यंत जायची. त्यातले कितीतरी मणिपूरचे, मिझोरामचे. ती नावं आपल्या कानावर कधी पडलीच नाहीत, म्हणून जिभेवरही आली नाहीत. मग तू आणि शकीलभाईंनी त्यांचं बारसं केलंत. मागचा आडव्या अंगाचा उंच गडी म्हणजे ‘बीम’, लूमवर सूत गुंडाळलेल्या जाड रुळासारखा. मधे उभा राहून बोटं दाखवणारा ‘मुकादम’. बारीक अंगाचा, सुताच्या कांडीसारखा थोडा वेळ चालून संपणारा ‘कांडी’. आणि उजव्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा, आपल्या सगळ्यांचा लाडका, ‘धोटा’. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यासारखा. “धोटा आला नाही आज,” असं तू म्हणालास की खोलीतल्या सगळ्यांची तोंडं उतरायची, आणि भारताच्या टीममध्ये असा कुणी माणूसच नाही हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

मला याचं आजही हसू येतं, आणि मग लगेच स्टेडियममधला तो दिवस आठवतो.

तू, मी आणि शकीलभाई पहिल्यांदाच भारताची मॅच प्रत्यक्ष बघायला गेलो होतो. मुंबईतलं मोठं स्टेडियम. तू नाक्यावरून निळा शर्ट घेतला होतास आणि तो क्रिकेटचा निघाला. “निळा आहे ना? झालं तर,” म्हणून तोच घालून आलास. आत गेलो तर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. मला संताप आला. हेच लोक उद्या मोबाइलवर लिहितील, एवढ्या मोठ्या देशाला अकरा पोरं सापडत नाहीत. पण तुझं लक्ष खुर्च्यांकडे नव्हतंच. खेळ सुरू झाला, कुणीतरी लांब किक मारली आणि तू माझा दंड घट्ट धरलास. “आवाज येतो गं बॉलचा!”

खरंच, इतकी वर्षं फुटबॉल बघून बुटाचा बॉलला लागल्याचा आवाज आपण ऐकलाच नव्हता. तू अगदी लहान मुलासारखा ऐकत बसलास, पण फार वेळ नाही. सवय कुठं जाणार? पाचेक मिनिटांत तू उभा राहिलास आणि सुरू झालास. “बॉल आता मुकादमाकडे, मुकादम बोट दाखवतोय, बीम पुढे सरकलाय...” समोर मॅच चाललेली, आजूबाजूला बसलेले सगळे ती बघताहेत आणि तू त्यांना ती घसा फाडून सांगतो आहेस. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी शेवटी मागे वळून हात जोडले. “भाईसाब, हम भी यहीं बैठे हैं. हमको भी दिख रहा है.” शकीलभाईंनी माफी मागितली, तीही तितक्याच जोरात. “लूमवाले हैं साहब, धीरे बोलना सीखे ही नहीं!” माणसं हसली. तूही हसलास, खाली बसलास आणि पुन्हा उभा राहिलास.

कारण तेव्हा धोटा आपल्यासमोर होता. रेषेवर, अगदी हाकेच्या अंतरावर. बॉल त्याच्या पायात आणि मागून समोरच्या टीमचा एक गडी धावत येत होता. आपल्याला तो दिसत होता, धोट्याला नाही. तू ओरडलास, “धोटा! धोटाऽऽ, पीछे देख!” रिकाम्या स्टेडियममध्ये तुझा आवाज घुमला. पलीकडचा पंचसुद्धा क्षणभर इकडे बघायला लागला. धोटा मात्र वळला नाही. का वळेल? त्याला कोण धोटा म्हणतं? मागच्यानं बॉल काढून घेतला, दोन पास आणि गोल. आपल्यावर.

परत येताना बसमध्ये तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आमच्याकडे आलास. बाबा नेहमीसारखे युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. तुला माहीतच आहे, मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात शाळेच्या वह्यापुस्तकांना कव्हरं असायची तीही उरलेल्या पत्रकांची. माझ्या भूगोलावर ‘कामगारांनो, जागे व्हा’ असं असायचं. बाबा म्हणाले, “काय दिलीप, हरली ना तुमची टीम?” तू बसलास आणि म्हणालास, “भाऊजी, टीम हरली ते सोडा. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला होता. नाव पोहोचलं नाही. इतकी वर्षं त्याला आपला आपला म्हणतोय आणि त्याचं नाव मला येत नाही.” बाबांनी घड्या घालायचं थांबवलं. बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं असावं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

तुझं म्हणणं असं की टीम आपली तेव्हा होते जेव्हा तिच्यातली माणसं माहीत असतात, आणि माणसं माहीत होतात ती दर आठवड्याला बघून. वर्षातून चार वेळा निळा शर्ट घालून नाही. म्हणजे देशातली लीग बघायला हवी. कोण बाकावर बसतो, कोण दुखापतीतून उठतो, कोण चिडका, कोण शांत, हे तिथं दिसतं. माझं म्हणणं असं की ही लीग म्हणजे श्रीमंतांनी मांडलेला बाजार आहे. पैसे भरून आत यायचं, आणि एकदा आत आलं की शेवटच्या नंबरावर राहिलं तरी बाहेर पडायचं नाही. गोल मारायला बाहेरून खेळाडू आणायचे आणि मग राष्ट्रीय टीमला गोल मारणारा मिळत नाही म्हणून रडायचं. सुरुवातीला नट-नट्या आल्या, आतषबाजी झाली, स्टेडियम भरली. नवेपणा ओसरला तशी माणसंही ओसरली. याला लोकप्रियता म्हणायचं? हे मी नुसतं बोलले नाही. पत्रक काढलं, ‘ही लीग कुणाची?’ नावाचं, आणि नाक्यावर शेअर रिक्षांच्या स्टँडजवळ उभं राहून वाटलं.

तू ते पत्रक तुझ्या खोलीत वाचलंस. लूम चालू असताना आणि कॉमेंट्रीच्या आवाजात. “परदेशी स्ट्रायकर पुढे आणि आपला पोरगा बाकावर!” असं तू गरजलास आणि खालच्या कारखान्यातून कुणीतरी ओरडून विचारलं, “गोल हुआ क्या?” हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तू पत्रक खाली ठेवलंस.

“चांगलं लिहिलंयस. पण हा बाकावरचा पोरगा कोण?”

“कोण म्हणजे? कुणीही. भारतीय खेळाडू.”

“सारखं ‘भारतीय खेळाडू’, ‘भारतीय खेळाडू’. त्याच्या आईबापानं त्याचं काही नाव ठेवलं असेल की नाही?”

“मामा, मुद्दा एका पोराचा नाही, व्यवस्थेचा आहे.”

“बरं. मग व्यवस्थेला हाक मारून बघ, वळते का.”

मी भडकले. तेव्हा तू तो प्रश्न विचारलास, सांग टीमची अकरा नावं. मी सहाव्या नावाला अडकले. मग मी म्हणाले, तू सांग. तू आठव्याला अडकलास आणि हळूच ‘बीम’ म्हणून बघितलंस. शकीलभाईंनी निकाल दिला, “दोनों फेल!” मग आपल्या तिघांच्या एक लाजिरवाणी गोष्ट लक्षात आली. इंग्लंड-स्पेनमधल्या मोठ्या क्लबांच्या टीमा आपल्याला बदली खेळाडूंसकट पाठ होत्या. टीव्ही तर तेव्हाही मुकाच होता. मग ती नावं कशी आली? ती नाक्यावरच्या पोरांच्या शर्टांवर होती, रिक्षांच्या मागच्या काचांवर होती, सलूनच्या भिंतीवर होती. आपल्या माणसांची नावं कुठंच नव्हती. तू म्हणालास, “बघ, कापड आपल्या गावात विणलं जातं आणि त्यावर नाव दुसऱ्या गावाचं.” मी म्हणाले, “हेच तर मी म्हणते!” तू म्हणालास, “नाही, हे मी म्हणतो.” एकाच गोष्टीवर सहमत होऊनसुद्धा भांडता येतं, हे मी तुझ्याकडून शिकले.

पुढे तू एकटाच लीगच्या मॅच बघायला जाऊ लागलास. दर वेळी मला विचारायचास. “येतेस? शेजारची खुर्ची रिकामीच असते.” मी दर वेळी सांगायचे, माझा बहिष्कार आहे. तू कधी रागावला नाहीस. येताना मला एखादं नाव घेऊन यायचास. धोट्याचं खरं नाव तू असंच आणलंस. आमच्या दारात उभा राहून, उच्चार चुकू नये म्हणून अवघडून, ते तू मला ऐकवलंस. ते मी इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी ज्यांना हवं आहे त्यांनी शोधून काढा, थोडे कष्ट घ्या.

मामा, बहिष्कार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण तो एका बाजारावर होता. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर नव्हता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तुला सांगायचं होतं. त्या खुर्चीवर बसूनही मला लीगला शिव्या घालता आल्या असत्या. तू तर कॉमेंट्रीत घेतल्या असत्यास त्या.

मग लीगचाच हंगाम रखडला. कधी सुरू होणार, होणार का, कुणी धड सांगेना. मी म्हणाले, बघ, पोकळ वासा होता. तू वाद घातला नाहीस. खांदे उडवलेस. “मोठी बंद तर छोटी बघू.”

आणि तू रविवारी सकाळी मानकोलीला जाऊ लागलास. नाक्यावरून शेअर रिक्षा, मग हायवेच्या जंक्शनवरून आत चालत. गोदामांच्या मागं एक मैदान उरलं आहे. म्हणजे अजून कुणी त्याच्यावर पत्रे उभे केले नाहीत, एवढंच. आजूबाजूच्या गावांतली पोरं तिथं रविवारी खेळतात. कुणी टेम्पो चालवतं, कुणी गोदामात माल चढवतं, कुणी लूमवर आहे. तू येऊन मला वर्णन करायचास. “बघायला चौघंच असतो. त्यातली एक म्हैस. पण ती शेवटपर्यंत थांबते हं, स्टेडियममधल्या लोकांसारखी आधी उठून जात नाही.” तिथं तू एक नियम केला होतास. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीममध्ये फिरायचं, प्रत्येकाला नाव विचारायचं आणि मगच रेषेवर उभं राहायचं. टोपणनाव कुणालाच द्यायचं नाही. शकीलभाई सांगत होते, एकदा त्यांनी एकाला ‘कांडी’ म्हटलं तर तू त्यांना तिथल्या तिथं गप्प केलंस.

मी काय म्हणाले तुला? म्हणाले, “मामा, ती जमीन गोदामाला जाणार. नावं पाठ करून मैदान वाचत नाही. त्यासाठी पत्रक काढावं लागतं, माणसं जमवावी लागतात.”

“मग काढ ना. पण आधी येऊन बघ. न बघता काय लिहिणार? ‘भारतीय मैदान’?”

“येते पुढच्या रविवारी.”

“बघ हं. म्हशीला सांगून ठेवतो.”

पुढचा रविवार यायच्या आधी तू गेलास. मधल्याच एका वारी, ऑफिसात, टेबलावर डबा उघडायच्या आत. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. मला लिहायचं आहे ते त्या रविवारबद्दल, कारण तो तू बघितला नाहीस आणि तुला सांगण्यासाठी माझ्याकडे दुसरा मार्ग नाही.

मी गेले, मामा. घरात सुतक, आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, “जाऊ दे तिला.” शकीलभाई बरोबर आले. मैदान तू सांगितलं होतंस तसंच आहे. एका बाजूला गोदामाची लांबलचक पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला गवत, आणि गवतात म्हैस. ती खरी निघाली. मला वाटायचं, तू रचून सांगतोस.

पोरं बूट बांधत होती. शकीलभाईंना ओळखून त्यांचा कॅप्टन पुढे आला. निलेश, गावातलाच, टेम्पो चालवणारा. त्यानं आमच्या मागे रस्त्याकडे बघितलं.

“चाचा, काका न्हाय आलं आज? बरा हाय ना त्यांना?”

शकीलभाईंनी मला पुढे केलं. मी सांगितलं. निलेश टीमकडे गेला. थोड्या वेळानं सगळे, दोन्ही टीमचे, मैदानाच्या मधे गोळा झाले. तो परत माझ्याकडे आला. मान खाली.

“ताई, एक मिनिट उभं राहायचा म्हनतो आमी सगळी. मी आधी बोलनार, की अमक्या-अमक्या काकांसाठी. पन...” तो थांबला. मग कसंबसं म्हणाला, “काकांचा नाव काय व्हता?”

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच पुढे बोलला.

“आमची समद्यांची नावं पाठ व्हती त्यांना. आमी कधी इचारलाच न्हाय. आमी आपला त्यांना ‘भोंगा’ बोलायचो. म्हंजे तोंडावर न्हाय हं ताई. मागं. भोंगा आला का, भोंगा कुठं हाय...”

मामा, मी हसले. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मोठ्यानं. निलेश घाबरला. त्याला कसं सांगणार की तुझ्या-माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद या माणसानं एका वाक्यात उलटा करून माझ्या हातात ठेवला आहे? तू सगळ्यांची नावं विचारत फिरलास आणि स्वतःचं सांगायचं विसरलास. तुझं बारसं त्यांनी केलं, जसं आपण धोट्याचं केलं होतं. प्रेमानंच केलं. पण धोटा त्या नावाला वळला नव्हता. तुला ‘भोंगा’ म्हणून कुणी हाक मारली असती तर तू तरी वळला असतास का?

निलेश म्हणाला, “तुमीच बोला ना ताई.”

मी कधी मोठ्यानं ओरडत नाही. तुला माहीत आहे. मी लिहिते. पत्रकाला आवाज नसतो, ते हातात द्यायचं आणि पुढच्याकडे वळायचं. तुझ्या खोलीतसुद्धा मी हातवारे करून बोलायचे. त्या दिवशी मी मैदानाच्या मधे गेले. बावीस पोरं, एक पंच, शकीलभाई आणि गवतातली म्हैस. मग तू कसा उभा राहायचास ते आठवलं, एक पाय पुढे, हात तोंडाभोवती. तशी उभी राहिले आणि तुझं पूर्ण नाव घेतलं.

“दिलीप काशिनाथ टिपणीस!”

गोदामाच्या पत्र्यावर आपटून ते परत आलं. थोडं उशिरा आणि थोडं फुटलेलं. सगळ्यांनी ते दोनदा ऐकलं. मग एक मिनिट शांतता. त्या शांततेत शकीलभाई, त्यांच्या समजुतीप्रमाणे मनातल्या मनात, म्हणाले, “सुन रहे हो ना दिलीपभाई?” आणि ते अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. कुणी हसलं नाही.

मग मॅच झाली. मी तुझा नियम पाळला, आधी नावं विचारली. सगळी लक्षात राहिली नाहीत, पण उजव्या रेषेवर धावणाऱ्याचं राहिलं. कल्पेश. गोदामात माल चढवतो. पुढे एकदा बॉल त्याच्या पायात होता आणि मागून एक जण धावत येत होता. मी तोंडाभोवती हात धरून ओरडले, “कल्पेऽऽश!” त्यानं ऐकलं, लगेच ऐकलं. आणि मागे बघायच्या ऐवजी, कोण बाई हाक मारते म्हणून, माझ्याकडे बघितलं. मागच्यानं बॉल नेला. कल्पेश त्याच्यामागे धावता धावता मला म्हणाला, “सॉरी ताई!” शकीलभाईंनी कपाळावर हात मारला.

तू असतास तर काय म्हणाला असतास, मला माहीत आहे. “निदान वळला तरी.”

आपल्या भांडणाचं माझं उत्तर मी तेव्हापासून जुळवते आहे. तू निम्मा बरोबर होतास, मामा. निम्माच. नावं शिकून राष्ट्रीय टीम सुधारणार नाही. त्याला मैदानं लागतात, लहान गावातून वरपर्यंत जाणारा रस्ता लागतो, ठरलेल्या दिवशी सुरू होणारा हंगाम लागतो, आणि या गोष्टी ज्यांच्या हातात आहेत त्यांना जाब विचारावा लागतो. तो मी विचारणार. मानकोलीच्या त्या मैदानासाठी पत्रक मी लिहायला घेतलं आहे. पण त्यात ‘खेळाडू’ हा शब्द अजून एकदाही आलेला नाही. बावीस नावं आहेत. तेवढा निम्मा तुझा. उरलेल्या निम्म्यावर भांडायला तू हवा होतास. मी मुद्दे काढून बसले आहे आणि समोर कुणी नाही. खाली लूम चालू आहेत, वर टीव्ही मुका आहे, आणि भारताची मॅच आली की मी आणि शकीलभाई तुझ्या खोलीत नुसते बघत बसतो. खेळाडूंची तोंडं हलतात. काय बोलताहेत ते सांगणारा माणूस नाही.

आता तुमच्याशी, वाचणाऱ्यांशी. सुरुवातीचा प्रश्न तुम्ही विसरला नसालच. माझ्या मामासाठी हळहळू नका, ते काम आम्ही घरचे करू. तुम्ही एवढंच करा. येत्या रविवारी तुमच्या घराजवळ जिथं कुठं पोरं-पोरी बॉल खेळतात तिथं जा. मैदान नसेल तर मोकळी जागा असेल, तीही नसेल तर रस्ता असेल. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांच्यातल्या एकाजवळ जाऊन नाव विचारा. ते नीट म्हणून बघा, चुकलं तर पुन्हा विचारा. मग रेषेवर उभे राहा आणि त्याच नावानं, लाजू नका, घसा फुटेपर्यंत हाक मारा.

आणि निघण्याआधी त्याला तुमचंही नाव सांगून या.